सही करण्यापूर्वी

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. मध्य प्रदेश शासनात उपयंत्री आहे. आमच्या खात्यात मोजमाप पुस्तकावर सही करण्याआधी टेप लावून पाहावी लागते. दवाखान्यात मात्र बोट दाखवतील तिथे सही करायची आपली रीत आहे. त्या सहीविषयी थोडे बोलतो.

१९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांच्या एक अविवाहित बाई रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेल्या. दुर्बिणीने तपासणी आणि गरज पडल्यास पोट उघडणे, एवढ्यालाच त्यांची संमती होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २००८ मध्ये निकाल लागला. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान रुग्णाऐवजी आईची संमतीही चालत नाही. भरपाई २५ हजार रुपयेच मिळाली, पण देशभरच्या रुग्णांसाठी नियम ठरला.

आता आपल्या घरांकडे पाहू. डॉक्टर मुलाला केबिनमध्ये बोलावतात, सुनेला सांगतात, इंदूर-पुण्याचे फोन होतात. आत खाटेवरच्या आजींना मात्र "काही नाही, किरकोळ आहे" एवढेच कळते. हे आपण मायेपोटी करतो. पण शरीर आजींचे आहे.

गुडघ्याचेच घ्या. सांधा किती झिजला, हे डॉक्टरांना कळते. पण आजींना पुन्हा जिने चढायचे आहेत, की रात्रीची झोप नीट लागली तरी पुरे, हे आजीच सांगू शकतात. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे व्यायामही त्यांनाच करायचा असतो. म्हणून निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा.

जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. आजार काय? या उपचाराने फायदा किती? दुसरा मार्ग आहे का? धोका कोणता? काहीच केले नाही तर काय होईल? फॉर्म इंग्रजीत असेल तर हिंदीत समजावून मागा. डॉक्टरांना वेळ कमी असतो. नेमके विचारले की उत्तरही नेमके मिळते. २००२ च्या नियमांप्रमाणे, मागणी केल्यास रुग्णाची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात.

अपघात किंवा हृदयविकाराच्या वेळी मात्र प्रश्नांत वेळ घालवू नका. तेव्हा जीव वाचवणे पहिले.

एरवी बाप्पाच्या आरतीला आपण आजींना पुढे उभे करतो. डॉक्टरांसमोरही त्यांची खुर्ची पुढे ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!