यादीत न आलेली नावं



वाचनालयं, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, सगळ्यांची सभासद-यादी आता संगणकावर असते. माहिती भरण्याचं कंटाळवाणं काम कुणीतरी नेटानं करतं. खरा घोळ होतो तो माहिती काढताना. ‘थकबाकीदार दाखव’ म्हटलं की शेकडो नावं पडद्यावर येतात; मग अटी घालून यादी आटोपशीर करायची. आज बोलायचं आहे ते या अटींबद्दल. माझं म्हणणं एवढंच, की यादी हातात आली की आपण आलेली नावं वाचतो, न आलेल्यांचा विचार करत नाही.

अशा याद्या सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस १९९२ साली बाजारात आलं. लिबरऑफिसमधलं बेस फुकट मिळतं. दोन्हींत प्रश्न विचारायला एक कोरा तक्ता असतो: वर रकान्यांची नावं, खाली अटी. प्रश्न सूत्रात लिहिण्याऐवजी रिकाम्या तक्त्यात नमुना भरायचा, ही कल्पना आयबीएममधले मोशे झ्लूफ यांनी १९७०च्या दशकात मांडली. फार सोयीची आहे. इतकी, की नियम न वाचताच माणूस कामाला लागतो.

नियम असा, की एका ओळीतल्या अटी सगळ्याच्या सगळ्या पुऱ्या व्हाव्या लागतात. खालची ओळ म्हणजे ‘किंवा’. समजा वाचनालयाच्या चिटणिसांनी शहराखाली ‘पुणे’ लिहिलं, बाकीखाली ‘शून्याहून जास्त’ लिहिलं, आणि पुढच्या ओळीत नुसतं ‘नाशिक’. आता पुण्याचे थकबाकीदार येतील आणि नाशिकचे झाडून सगळे, चोख वर्गणी भरणारेसुद्धा. बाकीची अट दुसऱ्या ओळीतही लिहायला हवी होती. ही चूक लवकर उघडी पडते, कारण नाशिकहून रागावलेले फोन येतात.

गळालेल्या माणसाचा फोन येत नाही. ‘पुणे सोडून सगळे’ अशी अट घाला. ज्यांच्या शहराचा रकाना भरलेलाच नाही, ते या यादीत येणार नाहीत. तुम्ही म्हणाल, ते पुण्याचे नाहीत ना, मग का नाही? तर संगणकाच्या लेखी तिथलं शहर अज्ञात आहे. ते पुणे असेलही, नसेलही. आणि जिथे अट नक्की पुरी होते, तेवढ्याच नोंदी तो देतो. म्हणजे हे लोक पुण्याच्या यादीत नाहीत आणि पुण्याबाहेरच्या यादीतही नाहीत. ‘किंवा रकाना रिकामा’ ही अट वेगळी सांगावी लागते. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण सभासदसंख्येशी ताडून पाहिली, तर ही गळती दोन मिनिटांत सापडते. जुने हिशेबनीस हे न शिकवता करत.

आडनावांचं दुखणं खास आपलं. कुणी ‘कुलकर्णी’ दीर्घ लिहितं, कुणी ऱ्हस्व, कुणी ‘कुळकर्णी’. पूर्ण आडनाव देऊन शोधलं, तर एकच पाठ मिळतो. ॲक्सेसमध्ये ‘कुल’ लिहून पुढे तारांकन द्यावं आणि खालच्या ओळीत ‘कुळ’सह तसंच. चार परकी आडनावं जास्त येतील, ती डोळ्यांनी काढता येतात.

सगळ्यांत महागात पडते ती तारीख. आर्थिक वर्षाची वसुली काढताना आपण ‘१ एप्रिल ते ३१ मार्च’ अशी अट घालतो. पावतीच्या रकान्यात तारखेबरोबर वेळही साठत असेल, तर ‘३१ मार्च’ म्हणजे त्या दिवसाच्या आरंभीचे रात्रीचे बारा, असा अर्थ लावला जातो. बारानंतर फाटलेली प्रत्येक पावती वगळली जाते. उपाय साधा आहे: शेवटची अट ‘नव्या १ एप्रिलच्या आधी’ अशी लिहावी. नाहीतर शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून वर्गणी भरणाऱ्यालाच थकबाकीची नोटीस जाते.