पोथीतली विहीर

मंडळी, इस्राएल देश इथून फार दूर, समुद्रापलीकडे. यहुदी लोकांची ती पवित्र भूमी. दक्षिणेकडे पाऊस थोडा, म्हणून तिथे विहिरीला मोठे मोल. अब्राहाम हा त्यांचा मूळपुरुष. बैरशेबा येथे त्याने विहीर खणली आणि तिच्यावरून तंटा झाला, असे त्यांच्या धर्मग्रंथात आहे. पाण्याचे तंटे काय, सगळीकडे सारखेच!

अशी पवित्र भूमी आपल्या वऱ्हाडातही आहे बरं का. अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर गाव आहे. महानुभाव पंथाची ती काशीच. सुमारे ७५० वर्षांपूर्वी तेथे गोविंदप्रभू राहत. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. चक्रधर स्वामी त्यांना गुरू मानत. महाराष्ट्रातच राहा, असे स्वामींनी आपल्या शिष्यांना सांगितले. स्वामी जेथे बसले, जेथे निजले, तेथे पुढे ओटे झाले. देऊळ कोणते, दार कोणत्या दिशेला, हेसुद्धा शिष्यांनी स्थानपोथीत लिहून ठेवले. अजूनही पार पंजाबातून भाविक येतात अन् साध्या ओट्यावर डोके ठेवतात.

म्हाइंभटांनी गोविंदप्रभूंच्या गोष्टी लिहिल्या. त्यातली एक मला फार आवडते. गावातले मातंग राऊळांकडे आले. पाण्यावाचून त्यांचे हाल होत होते. दुसऱ्यांच्या विहिरीवर त्यांना कोण चढू देणार? राऊळांनी जागा दाखवली. तेथे खणले, तर पाणी लागले.

ही गोष्ट मराठीतच लिहिली आहे. भाषा जुनी, थोडे अडखळाल. पण आता तुम्हाला अक्षर येते. पोथी मिळाली तर स्वतः वाचून पाहा.