लिलीचं बिऱ्हाड

घर बदलताना माणसं भांडी मोजून नेतात. मी अम्मीच्या लिलीचे गड्डे मोजून आणले. अकरा. तालुक्याच्या गावचं आमचं घर विकलं, तेव्हा धुण्याच्या दगडाशेजारची लाल लिली तेवढी तिनं मागून घेतली होती. नव्या मालकाला अंगणात कोबा करायचा होता.

महिना मे. दांड्यांवर कळ्या. तरी मी घाईनं कुदळ घातली; तीन गड्डे तिथंच चिरले गेले. धुण्याच्या पाण्यावर पोसलेली लांब पानं पिशवीत मावेनात, म्हणून ती कात्रीनं छाटली आणि शहरातल्या घरामागं गड्डे वीतभर खोल पुरले. कवीचं बागकाम, दुसरं काय!

पुढच्या मे महिन्यात फूल नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अम्मीनं तोवर अंथरूण धरलेलं. रोज विचारायची, "दांडा आला का रे?" मी म्हणायचो, "येईल."

शेवटी एका रोपवाटिकेतल्या माळीबुवांना गाठलं. ते म्हणाले, "साहेब, मानेपर्यंत पुरल्यावर कोण फुलेल?"

मग कळत गेलं. ही खरी लिली नव्हेच. मूळची दक्षिण अमेरिकेतली, शास्त्रीय नाव हिप्पिॲस्ट्रम. आपले कांदा-लसूणही आता हिच्याच कुळात धरतात. मात्र हिचा गड्डा विषारी, स्वयंपाकघरापासून लांब ठेवलेला बरा. गड्ड्याला जेवू घालतात ती पानं, आणि मी नेमकी तीच कापली होती. उपाशी गड्डा फुलत नाही. हलवायची तर हिवाळ्यात, पाणी तोडून, पानं पिवळी पडल्यावर. मुळं राखून.

जानेवारीत पुन्हा खणलं. अकरांतले सहा कुजले होते. उरलेले पाच, वाळू आणि जुनं शेणखत घातलेल्या मातीत लावले. वरचा तिसरा हिस्सा उघडा ठेवला. कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेतानं. हे 'बेतानं' मला फार जड गेलं.

एप्रिलअखेरीस एकाच गड्ड्यातून दांडा वर आला. चार फुलं. अम्मीला खुर्चीसकट खिडकीशी नेलं. बराच वेळ ती पाहत राहिली. मग म्हणाली, "आपली याहून लाल होती."

आणि उरलेल्या चारांना पाणी घातलं का, ते विचारलं.