संगणकाची चिन्हे आणि पगाराचा हिशेब



कारखान्यात ऑपरेटर म्हणजे यंत्र चालविणारा माणूस. संगणकाच्या भाषेत मात्र ऑपरेटर म्हणजे चिन्ह. दोन किमतींच्या मध्ये बसून त्यांचे काय करावयाचे ते सांगणारे. मी इंजिनियर नव्हे. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण पगारपत्रकांवर झाले. आता ती पत्रके संगणक तयार करतो, म्हणून त्याची भाषा थोडी शिकावी लागली. गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा नवशिक्याला सोपी जाते. तिचीच उदाहरणे घेतो. आणि नियम घेतो १९४८ च्या कारखाना कायद्यातले, कारण त्यांवर आपल्यापैकी पुष्कळांचे संसार चालले.

प्रथम बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. गुणाकाराचे चिन्ह येथे चांदणीसारखे असते. या कायद्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे ओव्हरटाइमला दुप्पट दर होता, आणि तो मूळ पगार व भत्ते मिळून धरावयाचा होता. समजा, ताशी मूळ पगार ६० रुपये आणि महागाई भत्ता ४० रुपये. आपण ६० + ४० * २ असे लिहिले, तर संगणक आधी गुणाकार करील, उत्तर १४०. (६० + ४०) * २ असे लिहिले, तर २००. एका कंसावाचून कामगाराचे तासाला साठ रुपये गेले!

भागाकाराची चिन्हे दोन. एक तिरपी रेघ पूर्ण उत्तर देते. दोन तिरप्या रेघा अपूर्णांक टाकून देतात. ७९ व्या कलमात प्रौढ कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा होती, आणि अर्धा दिवस किंवा अधिक उरल्यास पुरा दिवस धरावा असे स्पष्ट म्हटले होते. २५० / २० म्हणजे १२.५, कायद्याने रजा १३ दिवस. २५० // २० म्हणजे नुसते १२. तेरावा दिवस कोठे गेला, हे पत्रकात दिसत नाही.

आता तुलनेची चिन्हे. त्यांचे उत्तर खरे किंवा खोटे, एवढेच. ही रजा ‘२४० दिवस किंवा अधिक’ काम करणाऱ्याला होती; तेथे >= हे चिन्ह हवे. नुसते > घातले, तर बरोबर २४० दिवस भरलेला माणूस बाहेर राहतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दिवस = २४० याचा अर्थ ‘दिवस’ नावाच्या खणात २४० ठेव; दिवस == २४० याचा अर्थ, ते २४० आहेत काय? एक हुकूम, दुसरा प्रश्न. प्रश्नाच्या जागी हुकूम लिहिला तर पायथन अडवते. सी नावाची जुनी भाषा तो निमूट मान्य करते आणि प्रत्येकाचे दिवस २४० करून टाकते.

शेवटी ‘अँड’ आणि ‘ऑर’, म्हणजे आपले ‘आणि’ व ‘किंवा’. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम झाले, की ओव्हरटाइम लागे. एखाद्याने एके दिवशी अकरा तास काम केले, पण त्याचा आठवडा चव्वेचाळीस तासांत संपला. ‘ऑर’ असेल तर त्याला दोन तासांचे दुप्पट मिळते. ‘अँड’ असेल तर दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, आणि त्याच्या हाती काही पडत नाही.

“संगणकाने काढले आहे” असे सांगितले की पुष्कळ लोक गप्प बसतात. बसू नये. संगणक सांगितले ते करतो. चिन्ह माणसाने घातलेले असते. म्हणून नियम कसा लिहिला ते विचारा, आणि काठावरचे आकडे घालून पाहा: २३९, २४०, २४१. चूक बहुधा काठावरच सापडते. हे करावयास पदवी लागत नाही. वहीपेन्सिल आणि चिकाटी पुरते.