सहीनंतरची शाई



तुम्ही आता सही करता. पूर्वी अंगठा होता. सही येते म्हटल्यावर पुष्कळ लोक तुमच्यापुढे कागद ठेवतील. बोअर पाडणारा ठेवील, मळणीयंत्रवाला ठेवील, लग्नाचा मांडववाला ठेवील, मुकादम ठेवील. सही कशी करावी ते तुम्ही शिकलात. सही झाल्यावर त्या कागदाचे काय होते, ते आज आम्ही सांगणार आहोत.

कामाचा करार म्हणजे दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द. एकाने काम करायचे, दुसऱ्याने पैसे द्यायचे. माणूस शब्द विसरतो, म्हणून तो कागदावर उतरवतात. इथवर कोणाचे भांडण नसते. भांडण लागते ते काम झाल्यावर, हिशेबाला बसल्यावर. पुढचा माणूस कागद काढतो आणि म्हणतो, "हे बघा, तुमचीच सही." सही आपलीच असते. पण सहीच्या वर जे लिहिले आहे, ते आपण पाहिले तेच असते असे नाही.

बोअरचेच घ्या. समजा, बोअरगाडीचा एजंट घरी आला. बोलणे झाले. तीनशे फुटांपर्यंत फुटाला १०० रुपये. त्यापुढे फुटाला १२० रुपये. वरची माती ढासळू नये म्हणून जो पाईप घालतात, त्याला केसिंग म्हणतात. ते चाळीस फूट लागेल, आणि ते याच भावात, असेही ठरले. एजंटने छापील कागद काढला. पहिला भाव भरला. पुढच्या भावाची जागा कोरी ठेवली. "ते नंतर बघू, पाणी तीनशेच्या आतच लागेल," म्हणाला. केसिंगविषयी कागदात एक शब्द आला नाही. तुम्ही सही केली. कागद त्याने खिशात घातला. झाले, चहा झाला, एजंट गेला.

बोअर साडेचारशे फूट गेले. सकाळी हिशेब निघाला. पहिल्या तीनशे फुटांचे ३०,००० रुपये. ते बरोबर आहेत. पुढच्या दीडशे फुटांचे तुमच्या मनात १८,००० होते. एजंट ३०,००० मागतो. कोऱ्या जागेत आता २०० हा आकडा बसलेला आहे. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आली आहे: "केसिंग वेगळे." त्याचे १६,००० रुपये. तुमचा हिशेब ४८,०००, त्याचा ७६,०००. फरक २८,००० रुपयांचा. कुणाच्या घरी एवढ्यात दुभती म्हैस विकायला निघते.

इथे दोन गोष्टी झाल्या. त्या सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत, हे नीट ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट, लिहिलेल्या करारात मागाहून ओळ घातली. ही सरळ लबाडी आहे. करार एकट्याच्या मर्जीने बदलता येत नाही. आपल्याकडे १८७२ सालचा करार कायदा आहे, तो अजून चालू आहे. त्याप्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा आणायचा किंवा करार बदलायचा, तर दोन्ही बाजू कबूल पाहिजेत. भाव, मुदत, काम, रक्कम, अशी महत्त्वाची गोष्ट एकाने चोरून बदलली, तर तो कागद दुसऱ्यावर बांधता येत नाही. उलट बदलणाराच अडकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत याला बनावट दस्तऐवज म्हटले आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. फसवणुकीसाठी केले असेल तर सात वर्षांपर्यंत.

दुसरी गोष्ट, कोरी जागा मागाहून भरली. इथे आपली बाजू लंगडी पडते. पुढचा माणूस म्हणतो, "यांनीच भरायला सांगितले." तुम्ही म्हणता, "नाही सांगितले." मग ते शाबीत करायचे ओझे तुमच्या डोक्यावर येते. कोऱ्या चेकचे तर याहून कठीण. १८८१ सालच्या चेक-हुंडीच्या कायद्याची गाठ तिथे आहे. आपखुशीने सही करून कोरा चेक दिला आणि दुसऱ्याने रक्कम भरली, तरी तो चेक देण्यासाठीच दिला असे कोर्ट धरून चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे पुन्हा स्पष्ट केले. देणे नव्हते, हे दाखवायचे काम सही करणाऱ्याचे. म्हणून "तारण म्हणून असू द्या" असे कोणी म्हटले तरी कोरा चेक देऊ नये, असे आमचे रोखठोक मत आहे. भीड पडते, मान्य आहे. पण भीड एका दिवसाची असते.

हीच गत उसतोडीच्या कागदाची. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. निघण्यापूर्वी मुकादम उचल देतो. एका कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोला मिळून ती असते. घरात आजारपण असते, मुलीचे लग्न असते, पैशाची नड असते. अशा वेळी कोऱ्या स्टॅम्प कागदावर सही घेतली जाते. चार-पाच महिने दोघे राबतात. पट्टा पडतो, मग फेड किती झाली याचा हिशेब बसतो. त्या वेळी कागदावर उचल किती लिहिली आहे, यावर सारे ठरते. पन्नास हजार घेतले आणि कागदावर ऐंशी दिसले, तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे बांधला गेला म्हणून समजा. स्टॅम्प कागद सरकारी असतो, म्हणून त्यावरचा मजकूर सरकारने तपासलेला असतो, असे कित्येकांना वाटते. तसे काही नाही. सरकारने फक्त कर घेतलेला असतो.

हे दुखणे जुने आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांच्या कागदांखाली दबले होते. लिहिणारा सावकाराचा, वाचणारा सावकाराचा, शेतकऱ्याचा फक्त अंगठा. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात लोक उठले. त्यांनी मुख्यतः काय मागितले? कर्जरोखे मागितले, आणि जाळले. सरकारने चौकशी बसवली. मग १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात गावोगाव निबंधक नेमायची सोय होती. शेतकऱ्याचा कागद निबंधकासमोर व्हायचा, आणि त्याची नक्कल दुसऱ्या बाजूलाही मिळायची. तो कायदा आता राहिला नाही. पण सरकारलासुद्धा औषध सुचले ते हेच, की कागद एकाच्याच पेटीत राहू नये.

आता तुम्ही स्वतः वाचता. तेव्हा हे काम तुम्हांलाच करायचे आहे.

कागद दोन करा. दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या. एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. तो म्हणेल, "झेरॉक्स उद्या पाठवतो." तर तुम्ही म्हणा, "मग सहीपण उद्याच करू." रागाने म्हणायची गरज नाही, हसत म्हणा. दुसरा कागद करायला वेळच नसेल, तर सही होताच मोबाईलवर त्याचा फोटो काढा, आणि तो फोटो तिथल्या तिथे त्यालाच पाठवा. कोणत्या तारखेला, किती वाजता पाठवला, हे मोबाईलमध्ये राहते. पुढे ते उपयोगी पडते.

कोरी जागा दिसली की तिथे आडवी रेघ मारा. मजकूर जिथे संपतो त्याच्या लगेच खाली सही करा, मध्ये चार बोटे जागा सोडू नका. पाने जास्त असतील तर प्रत्येक पानावर सही करा. रक्कम आकड्यात आणि अक्षरांत, दोन्हींत लिहा: "रु. ३०,०००/- अक्षरी रुपये तीस हजार फक्त." आकड्याला शून्य जोडता येते. अक्षरांना जोडणे अवघड जाते. "फक्त" हा शब्द उगीच नाही, तो दार लावतो.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. प्रत्येक बदल लबाडीचा नसतो. खाली कठीण खडक लागतो, डिझेल महागते, मांडव दोन दिवस वाढवावा लागतो. काम करणाऱ्यालाही पोट आहे. आणि पावतीतला आकडा बदलणारे शेतकरी नसतात, असेही कोणी समजू नये. बदल करायचा तर उघड करा. जुने खोडू नका. खाली लिहा: "आज दिनांक अमुक रोजी दोघांच्या संमतीने भाव फुटाला १२० ऐवजी १३५ रुपये ठरला, तीनशे फुटांच्या पुढे." खाली दोघांच्या सह्या. हे दोन्ही प्रतींवर लिहा.

आणि एवढे करूनही कोणी कागद बदललाच तर? आधी एक करा, त्या बदललेल्या कागदावर पुन्हा सही करू नका. "आत्ता सही करा, मग बघू" याला फसू नका. जे देणे तुम्हांला कबूल आहे तेवढे द्या, आणि त्याची पावती घ्या. मग त्याला पत्र लिहा. तुमच्या अक्षरात चालते. "आपल्या कागदातील केसिंगची ओळ सही करताना नव्हती. ती मला मान्य नाही. माझ्या प्रतीची नक्कल सोबत जोडली आहे." एवढे पुरे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

कोर्टात कागद आधी वाचला जातो. लिहिलेल्या अटीविरुद्ध नुसते तोंडी सांगून सहसा चालत नाही. पण कागदात फसवणूक झाली आहे, हे सांगायला कायद्याने वाट ठेवली आहे. तुमची प्रत, फोटो, सही करताना बसलेले दोघे-तिघे, हे सारे तिथे बोलते.

शेतकऱ्याने आपल्या पोटापाण्यासाठी बोअर घेतले, तर तो ग्राहक ठरतो. त्याला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोल पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी विचारताही येते. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, आणि कमी मिळकतीचे लोक यांना तिथे फुकट वकील मिळतो. तिचा फोन १५१००. जाताना तुमची प्रत बरोबर न्या, आणि मूळ कागद कोणाच्या हाती सोडू नका, नक्कल द्या.