साधर्मिक वात्सल्य की जातिमद ?

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



एखाद्या समाजाची संस्था पन्नास वर्षे पूर्ण करते, तेव्हा तिच्या मुळाशी एक साधी पण बळकट भावना असते. समान श्रद्धेच्या आणि समान आहार-आचाराच्या माणसांना एकमेकांजवळ यावेसे वाटते. पर्युषणात एकत्र प्रतिक्रमण करावे, तपस्वींच्या पारण्याला सर्वांनी जमावे, मुलामुलींचे संबंध ओळखीच्या घरांत जुळावेत, अडचणीत पहिली हाक साधर्मिकाला द्यावी, ही ती भावना होय. अलीकडे मात्र तिच्याविषयी एक बोचरा प्रश्न विचारला जातो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाऊन आलेले तरुण तो अधिक विचारतात. केवळ आपल्याच लोकांची सोबत पसंत करणे हा वंशवाद नव्हे काय ? ह्या प्रश्नाने ज्येष्ठ मंडळी दुखावतात, तरुण गप्प बसतात आणि प्रश्न तसाच राहतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्याचा शांतपणे विचार होणे उचित ठरेल.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की सोबतीची आवड हा अपराध नव्हे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याला तशाच माणसांची पंगत सोयीची वाटते. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या गृहिणीला प्रत्येक वेळी त्याचे कारण सांगावे लागले नाही, तर तिला हायसे वाटते. त्यातही हा समाज संख्येने लहान. २०११ च्या जनगणनेत भारतातील जैनांची संख्या सुमारे ४४.५ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. त्यांपैकी सुमारे १४ लाख महाराष्ट्रात होते. एवढ्या थोड्या माणसांनी एकमेकांचा हात धरला नसता, तर मंदिरे, ग्रंथभांडारे, पाठशाळा आणि पांजरपोळ टिकले नसते.

इतिहासही हेच सांगतो. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि तिने शिक्षणाच्या कामाला हात घातला. आचार्य विजयवल्लभसूरी महाराजांच्या प्रेरणेने मुंबईत महावीर जैन विद्यालय उभे राहिले. साधर्मिक वात्सल्य म्हणजे केवळ जेवणावळ नव्हे, तर गरजू साधर्मिकाला स्वतःच्या पायांवर उभे करणे होय, ही त्यांची शिकवण होती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी तर निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी ही मालिका होती. जैन आणि लिंगायत विद्यार्थ्यांचीही सोय त्याच काळात झाली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि जेवायला ताट मिळावे, ही त्यामागची निकड होती. तेथे द्वेषाचा लवलेशही नव्हता.

मग दोष नेमका कोठे सुरू होतो ? ह्याचे उत्तर बाहेर शोधावयास नको. ते जैन शास्त्रांतच आहे. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंडक श्रावकाचार' ह्या ग्रंथात सम्यग्दर्शनाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांतील एक अंग वात्सल्य, म्हणजे साधर्मिकाविषयी निष्कपट प्रेम. त्याच ग्रंथात आठ मदही सांगितले आहेत आणि त्यांत कुलमद व जातिमद यांची स्पष्ट गणना आहे. चांडाळकुळात जन्मलेला मनुष्यही सम्यग्दृष्टी असेल तर तो देवतुल्य मानावा, असा अभिप्रायही तेथेच आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या बाराव्या अध्ययनात हरिकेशी मुनींची कथा येते. चांडाळकुळात जन्मलेले हे मुनी भिक्षेसाठी यज्ञमंडपात गेले असता त्यांचा जन्म आणि रूप पाहून त्यांची अवहेलना झाली. अखेरीस त्यांच्या तपासमोर त्याच लोकांना नम्र व्हावे लागले. दिगंबर असो वा श्वेतांबर, दोन्ही परंपरांचा निर्वाळा एकच आहे. वात्सल्य साधर्मिकाला जवळ घेते, तर मद परक्याला खाली लेखतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून श्रावकाने सावध राहावयाचे.

वात्सल्याचे रूपांतर कशात होऊ शकते, ह्याचे टोकाचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेने जगाला दिले. १९४८ साली सत्तेवर आलेल्या तेथील गोऱ्यांच्या पक्षाने 'अपार्थाइड' हे धोरण स्वीकारले. ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'वेगळेपण' एवढाच. प्रत्येक समूहाने आपापल्या लोकांत राहावे, आपापली संस्कृती जपावी, अशी गोड भाषा त्याच्या पुरस्कर्त्यांच्या तोंडी होती. १९५० साली 'ग्रुप एरियाज अॅक्ट' आला आणि कोणी कोठे राहावे व कोठे व्यापार करावा, हे वंशावरून ठरू लागले. केपटाऊनमधील 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही मिश्र वस्ती १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि पुढील वर्षांत तेथून साठ हजारांहून अधिक लोकांना हलविण्यात आले. भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांनाही पिढीजात दुकाने सोडावी लागली. वेगळेपणाची भाषा गोड असली, तरी तिची किंमत ज्याला बाहेर काढले त्यानेच मोजली.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९६५ साली वांशिक भेदभावाविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार संमत केला. भारतही त्यात सामील आहे. त्यातील व्याख्या लक्षात घेण्याजोगी आहे. वंश, वर्ण, कुळ किंवा वांशिक मूळ यांवर आधारलेली बंदी तर तीत येतेच, परंतु 'पसंती'सुद्धा येते. मात्र त्या पसंतीमुळे सार्वजनिक जीवनात दुसऱ्याच्या समान हक्काला बाध येत असेल, तर. म्हणजे मैत्री कोणाशी करावी, सणाला कोणाला बोलवावे, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. परंतु घर, नोकरी, शिक्षण आणि औषधोपचार येथे पसंती आली, की ती केवळ खासगी आवड राहत नाही. सोबत निवडणे वेगळे आणि दुसऱ्याची वाट अडवणे वेगळे.

येथे कोणी म्हणेल की कायदा तर परवानगी देतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व पारशी समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरविला, हे खरे आहे. संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य घटनेनेच दिले आहे. परंतु कायदा किमान काय सहन करील ते सांगतो आणि धर्म माणसाने काय करावे ते सांगतो. व्याजाचा जास्तीत जास्त दर कायद्याने ठरवून दिला, म्हणून प्रत्येक सावकार तेवढाच दर लावीत नाही. अणुव्रतांचे पालन करणाऱ्याचे मोजमाप नेहमीच कायद्याहून बारीक असते.

दुसरी एक अडचण अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांना २००५ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९७१ साली एक उद्बोधक मांडणी केली होती. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींत दोन प्रकारची नाणी मिसळून ठेवावयाची. शेजाऱ्यांपैकी साधारण एक-तृतीयांश आपल्यासारखे असावेत, एवढीच प्रत्येक नाण्याची अपेक्षा. तेवढे नसतील तर त्याने जागा बदलावयाची. कोणाच्याही ठायी द्वेष नाही. तरीही थोड्याच खेळ्यांत पटावर दोन वेगळ्या वस्त्या दिसू लागतात. याचा बोध असा की प्रत्येकाची पसंती सौम्य असली, तरी सर्वांची मिळून एक भिंत उभी राहू शकते. 'माझ्या मनात कोणाविषयी वाईट नाही' हे प्रत्येकाचे म्हणणे खरे असते आणि तरीही एखाद्या सज्जन कुटुंबाला पूर्ण शहरात भाड्याने घर मिळत नाही, असे घडते.

घराचा विषय निघाला की आहाराचा मुद्दा पुढे येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. अहिंसा हा ह्या धर्माचा प्राण आहे. भोजनशाळेत, धर्मशाळेत आणि मंदिराच्या आवारात अभक्ष्य चालणार नाही, हा नियम आचरणाविषयी आहे. तो जन्माने जैन असलेल्यालाही तितकाच लागू आहे आणि जो तो पाळील त्याला आडनाव न विचारता प्रवेश देता येतो. खोली भाड्याने देताना केवळ आडनाव ऐकून नकार देणे हा मात्र जन्माविषयीचा निवाडा होय. ह्या दोहोंतील फरक तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. अन्य जातीचे वा धर्माचे, पूर्ण शाकाहारी कुटुंब घर मागावयास आले आणि त्याला 'नाही' म्हटले. त्याच घरात बाहेर जाऊन काहीही खाणाऱ्या जैन मुलाला मात्र 'हो' म्हटले. तर तेथे प्रश्न आहाराचा नव्हता, हे उघड आहे. अहिंसेचे नाव पुढे करून जातिमद जपला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी नकार सहसा दुसऱ्याच्या नावावर दिला जातो. 'आमची हरकत नाही हो, पण सोसायटीतील सभासदांना चालणार नाही,' असे ठरलेले वाक्य असते. गांधीजींच्या आत्मकथेत १८९३ सालचा प्रिटोरियातील एक प्रसंग आहे. हॉटेलमालकाने त्यांना खोली दिली, परंतु गोऱ्या पाहुण्यांना रुचणार नाही म्हणून जेवण खोलीतच घ्यावे, अशी अट घातली. थोड्या वेळाने त्यालाच संकोच वाटला. त्याने पाहुण्यांना विचारले, तर कोणाचीच हरकत नव्हती आणि गांधीजी भोजनगृहात सर्वांसमवेत जेवले. गृहस्थाने केवळ विचारण्याची तसदी घेतली, एवढ्यानेच एक दार उघडले.

व्यापारी समाजाने तर ह्याचा विचार अधिक करावा. कापडाचेच उदाहरण घ्यावे. मालेगाव-भिवंडीच्या मोमीन विणकरांनी, सोलापूरच्या पद्मशाली कारागिरांनी मागावर काढलेले कापड जैन पेढ्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या विकले गेले. गाठी वाहणारे हमाल, उधारीवर विश्वास ठेवणारे गिऱ्हाईक, हे सर्व जातिधर्मांचे होते आणि आहेत. वहीत ज्याचे खाते चालते, तो माणूस शेजारी म्हणून का चालू नये, ह्याचे समाधानकारक उत्तर कोणाही सचोटीच्या व्यापाऱ्याला देता येणार नाही.

शिवाय 'आपले' म्हणजे कोण, ही रेषा एकदा आखली की ती आत-आत सरकू लागते. प्रथम जैन आणि जैनेतर; मग श्वेतांबर आणि दिगंबर; मग मंदिरमार्गी आणि स्थानकवासी; मग मारवाडी, गुजराती, कच्छी आणि मराठी; पुढे ओसवाल, पोरवाल, सैतवाळ, चतुर्थ, पंचम. कोल्हापूर-सांगलीकडचा शेतकरी जैन आणि पेठेतला व्यापारी जैन एकमेकांना कितपत 'आपले' मानतात, हे प्रत्येकाने मनाशी पडताळून पाहावे. जो मद परक्यासाठी पोसला जातो, तो उद्या घरच्यालाही सोडीत नाही.

ह्या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकत होते. त्यांच्या चरित्रांत नोंद आहे की अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर स्नान करण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. साधर्मिकांसाठी वात्सल्याने बांधलेले ते घर. त्याच घरात एका साधर्मिकाला जागा उरली नाही, कारण तो दुसऱ्या मुलांच्या आनंदात सामील झाला होता. वात्सल्य आणि मद एकाच छपराखाली कसे नांदतात, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या लक्ष्मीबाई पाटलांनी ह्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. भाऊरावांनी जैनत्व सोडले नाही. साधर्मिकासाठी सांगितलेले वात्सल्य त्यांनी रयतेच्या लेकरांपर्यंत नेले.

तात्पर्य, आपल्या माणसांची सोबत आवडणे हा वंशवाद नव्हे. ह्या संस्थेने पन्नास वर्षे साधर्मिकांसाठी जे केले, त्याची कोणाला लाज वाटण्याचे कारण नाही आणि ते पुढेही निःसंकोच चालावे. परंतु सोबतीच्या नावाखाली दुसऱ्याचे घर, दुसऱ्याची भाकरी किंवा दुसऱ्याचे शिक्षण अडते, तेथे ते नाव बदलते. म्हणून पुढील वाटचालीत काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. संस्थेचे नियम आचरणाच्या भाषेत लिहिलेले असावेत, जन्माच्या भाषेत नव्हे. साधर्मिक निधीच्या जोडीला काही शिष्यवृत्त्या आणि औषधोपचाराची मदत सर्वांसाठी खुली असावी. पर्युषणातील व्याख्यानांना शेजारपाजारच्या जैनेतर बंधुभगिनींना आवर्जून बोलवावे. आणि ज्यांच्या मालकीची घरे भाड्याने द्यावयाची आहेत, त्यांनी पुढच्या वेळी आडनाव ऐकल्यावर थोडे थांबावे. नियम सांगावा, तो पाळाल का असे विचारावे आणि उत्तर 'हो' असेल तर किल्ली द्यावी.

तीर्थंकरांच्या समवसरणात देव, मनुष्य आणि तिर्यंच एकत्र बसून उपदेश ऐकतात, असे वर्णन आहे. तेथे प्रत्येकाची बैठक वेगळी असते, पण दाराशी कोणालाही अडविले जात नाही.

जय जिनेंद्र !