कॉन्कर्डचा स्तंभ

अमेरिकेतील कॉन्कर्ड हे गाव मराठी वाचकास अगदीच अनोळखी नाही. थोरो ज्या वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला ते तळे या गावच्या हद्दीत आहे, आणि दुर्गाबाई भागवतांनी त्याचा ग्रंथ मराठीत आणल्यापासून त्या तळ्याचे पाणी आपल्यापैकी अनेकांनी मनाने तरी पाहिले आहे. बॉस्टनपासून सुमारे वीस मैलांवरचे हे गाव. १८६० साली त्याची वस्ती दोन-सव्वादोन हजारांच्या आसपास होती. आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती मात्र तळ्याकाठी नाही, गावच्या चौकात आहे.

तेथे ग्रॅनाइट दगडाचा एक चौकोनी, वर निमुळता होत गेलेला स्तंभ उभा आहे. त्यावर घोडेस्वार नाही, उगारलेली तलवार नाही. आहेत ती नावे. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात मरण पावलेल्या गावकऱ्यांची ती नावे होत. ज्यांना या गावात जन्म, घर किंवा थडगे लाभले अशा वीरांसाठी गावाने हा स्तंभ उभारला, अशा आशयाचा लेख त्यावर आहे. जन्म, घर किंवा थडगे! या तीन शब्दांतील ‘किंवा’ मला फार बोलका वाटतो. कारण ज्यांचा जन्म येथे झाला त्यांतील कित्येकांचे थडगे येथे होऊ शकले नाही.

या गावाला एका तारखेचा अभिमान होता. १९ एप्रिल १७७५ रोजी येथील नदीवरच्या पुलाशी शेतकऱ्यांनी इंग्रज सैन्यावर गोळ्या झाडल्या होत्या. १८६१ च्या एप्रिलमध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, लिंकनने पंचाहत्तर हजार स्वयंसैनिकांना हाक दिली, आणि गावची तुकडी जॉर्ज प्रेस्कॉट या कप्तानाच्या हाताखाली निघाली ती नेमकी १९ एप्रिललाच. तीन महिन्यांत परत येऊ, अशी बोली होती. प्रेस्कॉट पुन्हा गेला, कर्नल झाला, आणि १८६४ च्या जूनमध्ये पीटर्सबर्गपुढे जखमी होऊन मरण पावला. स्तंभाचे अनावरण १८६७ साली झाले, तेव्हाही तारीख १९ एप्रिलच निवडली गेली.

त्या दिवशी बोलण्यास उभा राहिला तो गावचाच रहिवासी, राल्फ वाल्डो इमर्सन. अशा प्रसंगी वक्ता सामान्यतः पूर्वजांची थोरवी गातो. इमर्सनने गायली, पण तेवढ्यावर थांबला नाही. पहिल्या क्रांतीच्या वेळी आपल्या पूर्वजांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला खरा, परंतु गुलामगिरीच्या एका अपवादाकडे त्यांनी डोळेझाक केली. नीतीच्या नियमाने मात्र ती केली नाही, आणि ऐंशी वर्षांत ते विष साऱ्या राष्ट्राच्या अंगात भिनले, असे त्याने मेलेल्यांच्या आईबापांसमोर सांगितले. मग प्रेस्कॉटविषयी तो दीर्घकाळ बोलला व त्याच्या पत्रांतील उतारे त्याने वाचून दाखविले. तत्त्व सांगून झाल्यावर त्याची किंमत कोणी मोजली तेही नावानिशी सांगितले पाहिजे, हे त्या तत्त्वज्ञाला कळत होते.

नावाला एवढे महत्त्व का आले, हे त्या युद्धाचे स्वरूप पाहिल्यावाचून उमगत नाही. मृतांचा आकडा सहा लाखांवर जातो. अलीकडचे काही अभ्यासक तो सात-साडेसात लाखांपर्यंत नेतात. त्यांतील बहुसंख्य गोळीने नव्हे तर हगवण, विषमज्वर अशा रोगांनी मेले. गावचीच लेखिका लुइझा मे ऑलकॉट १८६२ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनजवळच्या इस्पितळात शुश्रूषेसाठी गेली, आणि काही आठवड्यांतच स्वतः विषमज्वराने आजारी होऊन परतली. सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला घालण्याची सरकारी पद्धत तेव्हा नव्हती. मोठ्या चढाईच्या आदल्या रात्री शिपाई स्वतःचे नाव कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून कोटाला टाचून घेत, अशा आठवणी आहेत. युद्धानंतर उत्तरेच्या सुमारे तीन लाख सैनिकांचे अवशेष राष्ट्रीय दफनभूमींत हलविले, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्म्यांची ओळख पटू शकली नाही.

कॉन्कर्डचाच जॉर्ज वॉशिंग्टन ड्यूगन घ्या. त्याचा बाप व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्मला आणि पुढे या गावात शेती करून राहिला. मुलगा चाळिशी ओलांडल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या चोपन्नाव्या, कृष्णवर्णीयांच्या पलटणीत दाखल झाला. १८ जुलै १८६३ रोजी वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात तो बेपत्ता झाला. इमर्सन ज्या विषाविषयी बोलत होता ते या घराण्याने एका पिढीपूर्वी स्वतः चाखले होते.

चौकापासून थोड्या अंतरावर स्लीपी हॉलो ही दफनभूमी आहे. इमर्सन, थोरो, ऑलकॉट यांची थडगी पाहण्यासाठी प्रवासी तेथे जातात, आणि मेल्विन बंधूंच्या स्मारकावरून बहुधा पुढे निघून जातात. एसा, जॉन व सॅम्युएल हे तिघे सख्खे भाऊ एकाच पलटणीत होते. जॉन इस्पितळात गेला. एसा पीटर्सबर्गला पडला. सॅम्युएल दक्षिणेतील अँडरसनव्हिलच्या कैदीछावणीत मेला. त्या छावणीत सुमारे पंचेचाळीस हजार कैद्यांपैकी तेरा हजारांच्या आसपास प्राणास मुकले. सॅम्युएल रोजनिशी लिहीत असे.

धाकटा भाऊ जेम्स तेवढा उरला. चाळीस वर्षांनंतर, हाती पैसा आला तेव्हा, त्याने या गावातच वाढलेल्या डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराला गाठले. वॉशिंग्टनमधील बैठा लिंकन पुढे घडविला तो हाच. त्याने संगमरवरातून अर्धीमुर्धी बाहेर येणारी एक स्त्री कोरली. ती विजयदेवता आहे. पण तिची नजर खाली आहे, आणि त्या नजरेसमोर तिघांच्या नावांच्या तीन शिळा आहेत. १९०९ साली त्याचे अनावरण झाले, तेव्हा पलटणीतील हयात असलेले वृद्ध शिपाई तेथे जमले होते. जेम्सच्या भावांचे चेहरे ज्यांना आठवत होते अशी ती शेवटची माणसे.